लढाऊ रायफली आणि गोळीची ‘थोपविण्याची शक्ती’ : एक तुलना

मध्य प्रदेशातील जबलपूर शहराची सिव्हिल लाइन्स ही वस्ती ब्रिटिश अमदानीतील प्रशासनाची खूण आहे. बंगले, कचेऱ्या आणि रुंद रस्ते यांच्या या भागाला लागूनच लष्करी छावणीचा परिसर आहे. शहरात १९०४ साली स्थापन झालेला तोफगाडी कारखाना आणि खमरिया येथील दारूगोळा निर्माणी आहे. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या पायदळाच्या दोन नामवंत रेजिमेंटची प्रशिक्षण केंद्रेही येथेच आहेत. कोणती रायफल चांगली आणि कोणती गोळी परिणामकारक, हा प्रश्न अशा शहरात केवळ कुतूहलाचा राहत नाही. येथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जवानाच्या जिवाशी तो निगडित आहे.

गेल्या सहा दशकांत भारतीय लष्कराने पायदळाच्या मुख्य रायफलीचे कॅलिबर तीन वेळा बदलले. .३०३ वरून ७.६२ मिलिमीटर, तेथून ५.५६ मिलिमीटर आणि आता पुन्हा ७.६२ मिलिमीटर असा हा प्रवास आहे. प्रत्येक बदलाच्या वेळी ‘स्टॉपिंग पॉवर’, म्हणजे समोरच्या शत्रूला जागीच थोपविण्याची शक्ती, हा शब्द चर्चेच्या केंद्रस्थानी होता. या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि निरनिराळ्या रायफली त्या कसोटीवर कितपत उतरतात, याचा हा आढावा.

काडतुसाचा इतिहास आणि भारत

गोळी आणि काडतूस यांचा इतिहास भारताशी जवळून जोडलेला आहे. १८५७ च्या उठावाचे तात्कालिक कारण एन्फिल्ड रायफलीचे चरबी लावलेले काडतूस हे होते. त्या वर्षी जबलपूरमध्ये ५२ वी बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्री ही पलटण होती. गोंड राजे शंकर शहा आणि त्यांचे पुत्र रघुनाथ शहा यांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी याच शहरात तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्यानंतर या पलटणीने बंड पुकारले. त्या काळची शिशाची गोळी अर्ध्या इंचाहून जाड आणि मंदगती होती. ती शरीरात शिरताच पसरत असे व हाडांचा चुराडा करीत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारू आली. गोळीचा व्यास कमी झाला, वेग वाढला आणि शिशावर कठीण धातूचे आवरण चढले. ब्रिटिशांची .३०३ रायफल ही या बदलाची निष्पत्ती होय. मात्र १८९५ च्या चित्राल मोहिमेत, गोळी लागूनही शत्रू पुढे येत राहतो, अशी तक्रार सैनिकांनी केली. त्यावर उपाय म्हणून कोलकात्याजवळील डमडम येथील शस्त्रागारात टोकाचे आवरण काढलेली गोळी तयार करण्यात आली. ही गोळी शरीरात फुलत असे आणि भीषण जखम करीत असे. ‘डमडम बुलेट’ हे नाव जगभर गेले ते तेथूनच. १८९९ च्या हेग परिषदेतील जाहीरनाम्याने शरीरात पसरणाऱ्या अशा गोळ्यांच्या युद्धातील वापरास मनाई केली.

या मनाईचा परिणाम आजही टिकून आहे. लष्करी गोळीला पूर्ण आवरण असते आणि ती फुलत नाही. तिची परिणामकारकता वाढवावयाची तर वजन, वेग, आकार आणि शरीरात शिरल्यावरची चाल एवढ्याच गोष्टी रचनाकाराच्या हाती उरतात.

थोपविण्याची शक्ती म्हणजे काय

चित्रपटात गोळी लागलेला माणूस हवेत उडून मागे पडतो. प्रत्यक्षात तसे घडत नाही. साडेनऊ ग्रॅम वजनाची ७.६२ मिलिमीटरची गोळी सेकंदाला ८४० मीटर वेगाने निघते, तेव्हा तिचा संवेग सुमारे आठ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद इतका असतो. ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात ती पूर्णपणे थांबली, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम ११ सेंटिमीटर भरतो. क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात, या न्यूटनच्या नियमाचा हा साधा परिणाम आहे. गोळीने समोरचा माणूस मागे फेकला गेला असता, तर ती झाडणाराही तितक्याच जोराने मागे फेकला गेला असता.

माणूस थांबतो तो जखमेमुळे. गोळी जखम कशी करते, याचे शास्त्रीय विवेचन अमेरिकी लष्कराचे शल्यविशारद मार्टिन फॅक्लर यांनी १९८० च्या दशकात केले. मांसपेशींशी साधर्म्य असलेल्या जिलेटिनच्या ठोकळ्यांवर गोळ्या झाडून त्यांनी जखमेचे दोन भाग वेगळे दाखविले. पहिला भाग म्हणजे गोळीच्या वाटेत चिरडलेल्या ऊतींची कायमची पोकळी. दुसरा भाग म्हणजे वेगामुळे आजूबाजूच्या ऊती क्षणभर ताणल्या जाऊन निर्माण होणारी तात्पुरती पोकळी. फुप्फुसासारखा लवचिक अवयव हा ताण बऱ्याच अंशी सहन करतो, यकृतासारखा घट्ट अवयव फाटतो.

तत्काळ थोपविण्याचा एकच निश्चित मार्ग वैद्यकशास्त्राला ज्ञात आहे आणि तो म्हणजे मेंदूस किंवा मानेतील मज्जारज्जूस इजा. अन्य ठिकाणी लागलेली गोळी रक्तस्रावामार्फत काम करते आणि त्यास वेळ लागतो. हृदय निकामी झाले तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूच्या बळावर माणूस १० ते १५ सेकंद हेतुपूर्वक हालचाल करू शकतो, असा निष्कर्ष अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने १९८९ मध्ये नोंदविला. गोळीबाराच्या चकमकीत हा कालावधी अतिशय मोठा ठरतो.

पाच काडतुसांची तुलना

भारतात वापरल्या गेलेल्या वा वापरात असलेल्या चार काडतुसांचे, तसेच तुलनेसाठी एका रशियन काडतुसाचे तपशील पुढीलप्रमाणे आहेत. आकडे नळीच्या तोंडाशी असलेल्या वेगाचे आणि ऊर्जेचे असून ते स्थूलमानाने घ्यावयाचे आहेत. नळीची लांबी व गोळीचा प्रकार यांनुसार त्यांत फरक पडतो.

.३०३ ब्रिटिश : गोळीचे वजन ११.३ ग्रॅम, वेग सेकंदाला ७४४ मीटर, ऊर्जा सुमारे ३,१०० ज्यूल.

७.६२ × ५१ मिलिमीटर : वजन ९.५ ग्रॅम, वेग ८४० मीटर, ऊर्जा सुमारे ३,३०० ज्यूल.

७.६२ × ३९ मिलिमीटर : वजन ७.९ ग्रॅम, वेग ७१५ मीटर, ऊर्जा सुमारे २,००० ज्यूल.

५.५६ × ४५ मिलिमीटर : वजन ४ ग्रॅम, वेग ९२० मीटर, ऊर्जा सुमारे १,७०० ज्यूल.

५.४५ × ३९ मिलिमीटर : वजन ३.४ ग्रॅम, वेग ९०० मीटर, ऊर्जा सुमारे १,४०० ज्यूल.

यातील पहिली संख्या गोळीचा व्यास आणि दुसरी काडतुसाच्या नळकांड्याची लांबी दर्शविते. ७.६२ मिलिमीटरची दोन काडतुसे एकच समजण्याची चूक अनेकदा होते. व्यास जवळपास सारखा असला तरी ५१ मिलिमीटरच्या काडतुसात दारू अधिक मावते. त्यामुळे त्याची ऊर्जा एके-४७ च्या काडतुसापेक्षा दीडपटीहून अधिक भरते. एका रायफलीचे काडतूस दुसरीत वापरता येत नाही.

ऊर्जेचा आकडा मोठा म्हणजे जखम मोठी, असा सरळ हिशेबही मांडता येत नाही. गोळी शरीरातून आरपार गेली तर उरलेली ऊर्जा ती सोबत घेऊन जाते. फॅक्लर यांच्या प्रयोगांत एके-४७ ची पोलादी गाभ्याची गोळी सुमारे २५ सेंटिमीटरपर्यंत सरळ जात राहिली आणि नंतरच आडवी झाली. माणसाच्या छातीची जाडी साधारण तेवढीच असते. म्हणून या गोळीची जखम पुष्कळदा पिस्तुलाच्या गोळीसारखी आरपार व अरुंद राहते. याउलट ५.४५ मिलिमीटरची हलकी गोळी सुमारे सात सेंटिमीटर आत जाताच आडवी होऊ लागली.

५.५६ मिलिमीटरच्या गोळीचे वैशिष्ट्य निराळे आहे. तिची जुनी अमेरिकी आवृत्ती शरीरात सुमारे १२ सेंटिमीटरवर आडवी होऊन खाचेपाशी मोडते आणि तिचे तुकडे चहूकडे पसरतात. मात्र त्यासाठी आघाताच्या वेळी तिचा वेग सेकंदाला साधारण ८०० मीटरहून अधिक असावा लागतो. अंतर वाढले किंवा आखूड नळीमुळे वेग मुळातच कमी पडला, की गोळी अखंड राहते आणि बारीक छिद्र पाडून निघून जाते. याच कारणामुळे एकाच गोळीविषयी ‘भयंकर’ आणि ‘निकामी’ असे परस्परविरोधी अभिप्राय युद्धभूमीवरून येत राहिले. १९८० मध्ये नाटो संघटनेने स्वीकारलेल्या पोलादी टोकाच्या सुधारित गोळीबाबत ही तक्रार अधिक होती. सोमालियात १९९३ साली आणि पुढे अफगाणिस्तानात अमेरिकी सैनिकांनी ती मांडली. अमेरिकी लष्कराने २०१० मध्ये या गोळीची नवी आवृत्ती आणली.

मोठ्याकडून लहानाकडे

एवढ्या उणिवा असताना जगभरच्या सैन्यांनी लहान गोळी का स्वीकारली, याचे उत्तर वजनात आहे. ७.६२ × ५१ चे एक काडतूस सुमारे २४ ग्रॅमचे, तर ५.५६ चे सुमारे १२ ग्रॅमचे असते. पाठीवर तेवढेच ओझे घेऊन जवान दुप्पट काडतुसे नेऊ शकतो. धक्काही कमी बसत असल्याने नेम चटकन पुन्हा साधता येतो आणि प्रशिक्षण सोपे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अनुभवावरून पायदळाच्या बहुतांश चकमकी ३०० मीटरच्या आत होतात, हेही स्पष्ट झाले होते. सोव्हिएत संघाने १९४३ मध्ये मध्यम शक्तीचे ७.६२ × ३९ काडतूस तयार केले ते याच विचारातून. मिखाईल कलाश्निकोव्ह यांची रायफल त्यावरच बेतलेली आहे.

शत्रूचा सैनिक ठार होण्यापेक्षा जखमी व्हावा, म्हणजे त्याला उचलण्यात आणखी दोघे गुंततील, यासाठी ५.५६ ची निवड झाली, असे भारतात वारंवार सांगितले जाते. या काडतुसाच्या विकासाचा इतिहास पाहता त्यास आधार मिळत नाही. हलके वजन, सपाट मार्ग आणि कमी धक्का हीच त्यामागची उद्दिष्टे होती.

भारतीय पायदळाच्या रायफली

१९६२ च्या चीन युद्धात भारतीय जवानांच्या हाती प्रामुख्याने .३०३ ली-एन्फिल्ड होती. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे-पुढे करावा लागणाऱ्या या रायफलीचा सामना स्वयंचलित व अर्धस्वयंचलित शस्त्रांशी झाला. ऊर्जेच्या कोष्टकात .३०३ ही चिनी सैन्याच्या ७.६२ × ३९ काडतुसाच्या कितीतरी वर आहे. तरीही गोळ्यांचा वेगवान मारा करण्यात ती मागे पडली. एका गोळीची शक्ती आणि एका जवानाची मारकशक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्या युद्धाने दिला.

त्यानंतर ७.६२ × ५१ काडतुसाची, २० गोळ्यांच्या मॅगझिनची एसएलआर ही रायफल आली. पश्चिम बंगालमधील ईशापूर येथे तयार होणाऱ्या या रायफलीने १९७१ च्या युद्धात आपला विश्वासार्हपणा सिद्ध केला. जुन्या जवानांच्या मनात तिचे स्थान आजही आहे. साडेचार किलोच्या घरातील वजन, मोठी लांबी आणि जोरदार धक्का या तिच्या मर्यादा होत.

१९८० च्या दशकात पुण्याच्या पाषाण परिसरातील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने ५.५६ मिलिमीटरच्या इन्सास रायफलीची रचना केली. १९९० च्या दशकात ती लष्करात दाखल झाली. तिची काडतुसे जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या निर्माणीत तयार होतात. लहान शस्त्रांच्या दारूगोळ्यासाठी ओळखला जाणारा खडकीचा कारखाना तर १८६९ पासूनचा आहे. १९९९ च्या कारगिल युद्धात इन्सासची पहिली मोठी परीक्षा झाली. अतिशीत वातावरणात प्लास्टिकच्या मॅगझिनला तडे जाण्याच्या तक्रारी आल्या. दहशतवादविरोधी मोहिमांतील अनेक तुकड्यांनी जवळच्या अंतरावरील लढाईसाठी एके-४७ लाच पसंती दिली.

इन्सासच्या जागी दोन्ही कॅलिबर वापरू शकणारी रायफल घेण्याची निविदा २०११ मध्ये निघाली व २०१५ मध्ये रद्द झाली. अखेर लष्कराने दोन काडतुसांचा मार्ग पत्करला. सीमेवरील पायदळासाठी ७.६२ × ५१ ची सिग-७१६ ही रायफल निवडण्यात आली. २०१९ मध्ये अमेरिकी कंपनीकडून अशा ७२,४०० रायफलींच्या खरेदीचा करार झाला आणि २०२४ मध्ये आणखी ७३,००० रायफलींची मागणी नोंदविण्यात आली. सर्वसाधारण वापरासाठी ७.६२ × ३९ ची एके-२०३ घेण्याचे ठरले. उत्तर प्रदेशातील अमेठी जिल्ह्यात कोरवा येथे सहा लाखांहून अधिक रायफली तयार करण्याचा करार रशियाशी डिसेंबर २०२१ मध्ये झाला. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने ‘उग्रम’ ही ७.६२ × ५१ ची स्वदेशी रायफल जानेवारी २०२४ मध्ये सादर केली.

मोठ्या काडतुसाकडे वळण्यामागे लांब पल्ल्याचा मारा आणि चिलखती जाकिटांचा वाढता प्रसार ही प्रमुख कारणे आहेत. अमेरिकेनेही २०२२ मध्ये ६.८ × ५१ मिलिमीटरच्या नव्या रायफलीची निवड केली, त्यामागचा विचार साधारण हाच आहे.

मुंबईचा अनुभव

नागरी सुरक्षेच्या दृष्टीने हा प्रश्न २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत ऐरणीवर आला. एके-४७ घेऊन आलेल्या दहशतवाद्यांसमोर पोलिसांकडे लाठ्या, रिव्हॉल्व्हर आणि मोजक्या जुन्या रायफली होत्या. .३०३ ची गोळी एके-४७ च्या गोळीपेक्षा अधिक ऊर्जा बाळगते. पण ३० गोळ्यांच्या स्वयंचलित माऱ्यापुढे आणि सरावाच्या अभावी त्या ऊर्जेचा उपयोग होत नाही, हे त्या रात्री दिसून आले. राज्य सरकारने त्यानंतर २००९ मध्ये ‘फोर्स वन’ हे विशेष दल उभारले. पोलिसांना दिल्या जाणाऱ्या जाकिटांच्या दर्जाविषयीही प्रश्न उपस्थित झाले. कोणत्या गोळीपासून कोणत्या जाकिटाने संरक्षण द्यावे, हे ठरविणारे भारतीय मानक २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

शहरात मात्र शक्तिशाली गोळी दुधारी ठरते. ७.६२ × ५१ ची गोळी लक्ष्य भेदून, पातळ भिंत ओलांडून पलीकडच्या निरपराध माणसाला लागू शकते. गर्दीच्या रेल्वे स्थानकात पोलिसाच्या हाती कोणती रायफल असावी, हे सीमेवरील चौकीच्या निकषांवर ठरविता येत नाही.

शस्त्रांवरील देखरेखीचे महत्त्वही तितकेच आहे. २०१८ मध्ये बिहारमधील मुंगेर येथे एके-४७ रायफली सापडल्या. तपासाचा धागा जबलपूरच्या केंद्रीय आयुध डेपोपर्यंत पोहोचला. वापरातून काढलेल्या रायफलींचे भाग बाहेर नेऊन त्या पुन्हा जुळविल्या जात असल्याचा आरोप ठेवण्यात आला आणि प्रकरण राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेले. निकामी ठरविलेली रायफलही नष्ट होईपर्यंत निकामी नसते, हे या प्रकरणातून दिसले.

आकड्यांपलीकडे

जबलपूरशी नाते असलेल्या दोन्ही रेजिमेंटच्या इतिहासात या चर्चेला छेद देणाऱ्या नोंदी आहेत. ४ जुलै १९९९ रोजी टायगर हिलवर १८ ग्रेनेडियर्सचे योगेंद्रसिंह यादव यांना जांघेत व खांद्यात गोळ्या लागल्या. उरलेली ६० फुटांची चढण चढून त्यांनी शत्रूचा बंकर उद्ध्वस्त केला. त्याच दिवशी १३ जम्मू-काश्मीर रायफल्सचे संजय कुमार छातीत आणि हातात गोळ्या लागूनही बंकरवर चाल करून गेले. दोघांनाही परमवीर चक्र प्रदान करण्यात आले. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे, मुंबई पोलीस दलातील सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीजवळ अजमल कसाबच्या एके-४७ ची नळी हातात धरली. अनेक गोळ्या अंगावर घेऊनही त्यांनी ती सोडली नाही. त्यामुळेच एक दहशतवादी जिवंत पकडता आला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोक चक्राने गौरविण्यात आले.

कोष्टकातील कोणत्याही आकड्यावरून या तिघांचे वर्तन आधी सांगता आले नसते. गोळी कोठे लागते, आणि ज्याला लागते त्याची इच्छाशक्ती किती आहे, यावर परिणाम अवलंबून असतो. या दोन्ही गोष्टी रायफलीच्या कारखान्यात घडविता येत नाहीत. नेम मात्र घडविता येतो. चार ग्रॅमची गोळी योग्य जागी लागली तर साडेनऊ ग्रॅमच्या चुकलेल्या गोळीहून ती अधिक परिणामकारक ठरते, याबाबत शल्यविशारद आणि नेमबाजीचे प्रशिक्षक यांचे एकमत आहे.

१ ऑक्टोबर २०२१ पासून देशातील आयुध निर्माणींचे सात सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले. खमरिया, खडकी आणि वरणगाव या निर्माणी पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आल्या. सैन्याकडे आता तीन निरनिराळी काडतुसे एकाच वेळी वापरात आहेत आणि प्रत्येकाचा पुरवठा आघाडीपर्यंत अखंड राहणे आवश्यक आहे. सरावासाठी जवानाला आणि पोलीस शिपायाला दरवर्षी पुरेशी काडतुसे मिळतात की नाही, हा प्रश्न कॅलिबरच्या वादाइतका आकर्षक नसला तरी चकमकीचा निकाल बहुधा त्यावरच ठरतो.